छातीतलं पाणी, मुंबईची जुनी धूळ आणि केमोचा हिशोब

बहात्तरच्या दुष्काळात पाथरी तालुक्यातून जी तरणी माणसं मुंबईला गेली, ती आता सत्तरीत आहेत. कुणी गिरणीत लागलं, कुणी गोदीत, कुणी घाटकोपर, मुलुंड, ठाण्याच्या कारखान्यांत ठेकेदाराच्या हाताखाली. पुढे गिरण्या बंद पडल्या, कारखाने हलले आणि बरीच माणसं आपापल्या वस्तीत परत आली. अशा एखाद्या आजोबांना चार पावलं चालली की धाप लागते, एका बाजूची छाती जड होते, रात्री उताणं झोपता येत नाही. ग्रामीण रुग्णालयात छातीचा फोटो काढला की कळतं, छातीत पाणी झालंय. घरचे लगेच म्हणतात, म्हणजे टीबीच.

बहुतेकदा ते खरंही असतं. आपल्याकडे छातीत पाणी होण्याचं मोठं कारण क्षयरोग आहे आणि तो औषधाने पूर्ण बरा होतो. म्हणून हा लेख वाचून कुणी टीबीची गोळी मनाने बंद करू नये, हे आधीच सांगून ठेवते. पण काही थोड्या माणसांत टीबीचा कोर्स चालू असूनही पाणी परत परत भरतं. सुईने काढलं की चार दिवस बरं वाटतं, पुन्हा तेच. वजन उतरतं, छातीत सतत दुखतं. अशा वेळी एक प्रश्न विचारायचा असतो, जो ओपीडीच्या गर्दीत सहसा विचारला जात नाही. तुम्ही तरुणपणी काय काम करत होतात?

कारण फुफ्फुसावरच्या आवरणाचा एक कर्करोग आहे, मेसोथेलिओमा. नाव अवघड आहे, पण ते लक्षात ठेवा. क्वचित तो पोटाच्या आवरणालाही होतो, तेव्हा पोटात पाणी भरतं. हा आजार दुर्मीळ आहे आणि त्याचं मुख्य कारण एकच, ॲस्बेस्टॉसची धूळ. बिडी-सिगारेटने हा होत नाही. मात्र ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलेल्या माणसाने बिडी ओढली, तर त्याला फुफ्फुसाचा दुसरा, नेहमीचा कर्करोग होण्याचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

ॲस्बेस्टॉस हे खनिज आहे. दगडातून निघणारे बारीक तंतू, आगीने न जळणारे. म्हणून ते गाड्यांच्या ब्रेकला, बॉयलरच्या वेष्टणाला, वाफेच्या पाइपांना, सिमेंटच्या पत्र्याला वापरलं गेलं. हे तंतू श्वासातून आत जातात आणि तिथेच अडकून राहतात. आज गेलेल्या तंतूने आजार होतो तो वीस, तीस, चाळीस वर्षांनी. तोवर कारखाना बंद, मालक बदललेला, ठेकेदार मेलेला आणि कामगार पाथरीच्या वस्तीत खाटेवर.

१९६० मध्ये दक्षिण आफ्रिकेत वॅगनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ३३ रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणींचा तो भाग. त्या ३३ जणांत सगळे खाणकामगार नव्हते, काही नुसते खाणीच्या आसपास राहणारे होते. १९६५ मध्ये लंडनमधल्या अभ्यासात कामगारांच्या घरच्या बायकाही सापडल्या. त्या कारखान्यात कधी गेल्या नव्हत्या, फक्त धुळीने भरलेले कपडे झटकून धूत होत्या. आपल्या चाळीत, झोपडपट्टीत हे काम कोण करत होतं ते वेगळं सांगायला नको. त्यामुळे आजींना हा त्रास झाला तर आजोबांचं कामही विचारा.

मुंबईतलं उदाहरण सांगते. घाटकोपरला हिंदुस्तान फेरोडो नावाचा कारखाना होता, पुढे त्याचं नाव हिंदुस्तान कंपोझिट्स झालं. मूळ भांडवल टर्नर अँड न्यूवॉल या ब्रिटिश कंपनीचं. तिथे ॲस्बेस्टॉस वापरून ब्रेकचे लायनर बनत. डॉ. व्ही. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी या कामगारांची तपासणी केली, तिचा अहवाल २००५ मध्ये छापून आला. १८१ कामगार तपासले, त्यांत दर पाचांतल्या एकाहून जास्त जणांना ॲस्बेस्टॉसिस निघाला. ॲस्बेस्टॉसिस म्हणजे कर्करोग नाही, फुफ्फुस कडक होत जाण्याचा आजार आहे. पण धूळ तीच. ज्या श्वासातून एक आजार आला, त्याच श्वासातून दुसराही येऊ शकतो.

सूतगिरणीत काम केलेल्यांनी घाबरून जाऊ नये. कापसाच्या धुळीने होणारा दम्यासारखा आजार वेगळा आहे, त्यातून मेसोथेलिओमा होत नाही. पण गिरणीतच बॉयलरवर, पाइपांना लेप लावण्या-काढण्याच्या कामावर जे होते, त्यांनी ते डॉक्टरांना सांगावं. गोदीत माल उतरवणारे, जहाज तोडणारे, गॅरेजात ब्रेक घासणारे, जुन्या थर्मल पॉवर स्टेशनात ठेकेदारीवर राबलेले, यांनीही सांगावं. पोती फोडणं, खाली सांडलेली धूळ झाडणं, बॉयलरच्या पोटात शिरणं ही कामं कायम कामगारापेक्षा कुणाच्या वाट्याला यायची, हे आपल्या घराघरांत माहीत आहे.

तपासणी कुठवर करायची?

छातीतून काढलेलं पाणी तपासायला पाठवतात. त्यात टीबीच्या खुणा शोधतात, कर्करोगाच्या पेशी शोधतात. मेसोथेलिओमात पुष्कळदा नुसत्या पाण्यावरून नक्की सांगता येत नाही. आवरणाचा तुकडा काढून तपासावा लागतो. छातीला लहानसं छिद्र पाडून दुर्बिणीने तो काढतात, मग त्यावर खास रंगांच्या चाचण्या होतात. हे पाथरीत होणार नाही. परभणीच्या जिल्हा रुग्णालयातून पुढे छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा मुंबईत परळच्या टाटा रुग्णालयात जावं लागेल.

तुकडा तपासला की आजाराचा प्रकारही कळतो. ढोबळमानाने तीन प्रकार आहेत. एपिथेलिऑइड प्रकार केमोला थोडी बरी साथ देतो. सार्कोमॅटॉइड प्रकार केमोला फारशी दाद देत नाही. तिसऱ्या प्रकारात या दोन्हींची मिसळ असते. रिपोर्टवर हा शब्द काय लिहिलाय ते डॉक्टरांना जरूर विचारा. पुढचा सगळा हिशोब त्यावर आहे.

केमोने काय होतं, किती होतं

आमच्या वस्तीत केमो म्हटलं की दोनच मतं ऐकू येतात. एक, केमो दिली म्हणजे माणूस संपला. दुसरं, कितीही पैसा लागू द्या, केमो झाली की बरा होईल. या आजारात दोन्ही खोटी आहेत.

मेसोथेलिओमा केमोने बरा होत नाही. हे वाक्य डॉक्टर कधी इंग्रजीत बोलतात, कधी घाईत, आणि घरच्यांना ऐकू येतं ते फक्त 'ट्रीटमेंट आहे' एवढंच. मग शेत गहाण पडतं. म्हणून आकडे सांगते.

२००३ मध्ये साडेचारशेच्या आसपास रुग्णांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्या रुग्णांना सिस्प्लॅटिन हे एकच औषध दिलं, निम्म्यांना सिस्प्लॅटिनसोबत पेमेट्रेक्सेड. एकच औषध घेणाऱ्या गटात निम्मी माणसं ९.३ महिन्यांपुढे जगली. दोन औषधं घेणाऱ्या गटात हा आकडा १२.१ महिने झाला. म्हणजे फरक सुमारे तीन महिन्यांचा. गाठ आक्रसण्याचं प्रमाण पहिल्या गटात १०० पैकी १७ होतं, दुसऱ्यात ४१. दोन औषधं घेणाऱ्यांची धाप आणि दुखणं यांतही जास्त उतार पडला. तेव्हापासून हीच जोडी जगभर नेहमीचा उपचार झाली.

तीन महिने ऐकून कुणी म्हणेल, एवढ्यासाठी एवढं? ज्याच्या घरात नातीचं लग्न ठरलंय, ज्याला रात्री आडवं होऊन झोपायचंय, त्याने ठरवावं. मी वॉर्डात असताना पाहिलंय, काही माणसं केमोनंतर कित्येक महिने हिंडती-फिरती राहिली, काहींना दुसऱ्या डोसातच नको झालं. सरासरीचा आकडा एका माणसाचं भविष्य सांगत नाही, पण शेत विकायच्या आधी तो माहीत असायला हवा.

त्याच अभ्यासातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सुरुवातीला पेमेट्रेक्सेडचा त्रास इतका झाला की काही रुग्ण औषधानेच दगावले. पेशीला वाढायला फॉलिक ॲसिड लागतं आणि पेमेट्रेक्सेड नेमकी तीच वाट अडवतं. त्यात कर्करोगाच्या पेशींबरोबर तोंडातल्या, आतड्यातल्या, रक्त बनवणाऱ्या चांगल्या पेशीही मरतात. ज्यांच्या अंगात ही जीवनसत्त्वं आधीच कमी, त्यांना जास्त त्रास. मग अभ्यास चालू असतानाच सगळ्यांना फॉलिक ॲसिड आणि बी-१२ सुरू केलं आणि त्रास खूप कमी झाला. जग फिरून आलेल्या महागड्या औषधाला सुरक्षित केलं ते काही रुपयांच्या दोन जीवनसत्त्वांनी.

म्हणून पेमेट्रेक्सेड ठरलं असेल तर हे पाहाच. फॉलिक ॲसिडची गोळी पहिल्या डोसाच्या सात दिवस आधीपासून रोज आणि शेवटच्या डोसानंतर २१ दिवसांपर्यंत. बी-१२ चं इंजेक्शन पहिल्या डोसाच्या आधीच्या आठवड्यात, नंतर दर नऊ आठवड्यांनी. एक सावधगिरी. मेडिकलवर सहज मिळणारी फॉलिक ॲसिडची गोळी ५ मिलिग्रॅमची असते. इथे लागणारी मात्रा १ मिलिग्रॅमपर्यंतच आहे. जास्त म्हणजे चांगलं असं इथे चालत नाही. चिठ्ठीवरची मात्रा दुकानदाराला दाखवूनच घ्या.

डोस २१ दिवसांनी एकदा, साधारण चार ते सहा वेळा. पेमेट्रेक्सेड दहा मिनिटांत जातं, पण सिस्प्लॅटिनसाठी आधी-नंतर सलाईन चढवावं लागतं, त्यामुळे पूर्ण दिवस धरून चाला. डोसाच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी अंगावर पुरळ येऊ नये म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या असतात. गाडीत बसायच्या गडबडीत आदल्या दिवशीची गोळी हमखास राहते. ती पिशवीत वर ठेवा.

सिस्प्लॅटिन मूत्रपिंडाला जड असतं. घरी आल्यावर दोन-तीन दिवस पाणी, ताक, पेज, लिंबूपाणी पाजत राहा. लघवी कमी झाली तर कळवा. कानात गुंजारव, हातापायांना मुंग्या, ऐकू कमी येणं हेही पुढच्या डोसाच्या आधी सांगायचं असतं. म्हातारपण म्हणून गप्प बसायचं नाही. मूत्रपिंड अशक्त असेल तर डॉक्टर सिस्प्लॅटिनऐवजी कार्बोप्लॅटिन देतात.

इथे आपल्या भागातली एक खोड मोडायला हवी. अंग दुखलं की आपण गल्लीतल्या डॉक्टरकडे जाऊन डायक्लोफिनॅकची सुई टोचून घेतो, नाहीतर टपरीवरून दुखण्याची गोळी आणतो. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन ही औषधं मूत्रपिंडावर ताण देतात आणि पेमेट्रेक्सेड अंगात साचवतात. केमो चालू असताना कर्करोगाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी एकही सुई नको. गावठी भस्म, काढा यांचंही तेच.

उलटी हा सिस्प्लॅटिनचा जुना दुर्गुण. आता त्यावर चांगली औषधं आहेत. त्यांतलं एक ओलांझापिन. चिठ्ठी घेऊन मेडिकलवर गेलं की कुणीतरी सांगतं, ही तर डोक्याच्या आजाराची गोळी आहे, आणि घरचे ती देतच नाहीत. ती मानसिक आजारावरही चालते हे खरं, पण कमी मात्रेत उलटी थांबवायला ती उत्तम आहे. टाटा रुग्णालयातल्याच डॉक्टरांनी अभ्यास करून दाखवलंय की नेहमीच्या १० मिलिग्रॅमऐवजी अडीच मिलिग्रॅमनेही काम भागतं आणि झोप कमी येते. गोळी देत जा.

सगळ्यांत धोक्याचे दिवस डोसानंतरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास येतात. रक्तातल्या पांढऱ्या पेशी तेव्हा तळाला जातात. घरात थर्मामीटर हवाच. ताप १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नका, त्याच रात्री रुग्णालयात न्या आणि सांगा, केमो चालू आहे. या ताप-सर्दीला बाकीच्यांसारखं मोजायचं नसतं. जेवण ताजं आणि शिजवलेलं. भाकरी-वरण, मुगाची खिचडी, अंडं, मटण सगळं चालतं. केमोत मांस-अंडं वर्ज्य असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, प्रथिनं तर लागतातच. भेटायला येणाऱ्या पाहुण्यांची गर्दी तेवढी आवरा. या जोडीने केस पूर्ण जातीलच असंही नाही, बहुतेकांचे थोडे विरळ होतात.

नवा उपचारही आला आहे. निव्होल्युमॅब आणि इपिलिमुमॅब ही शरीराची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी करणारी औषधं. त्यांच्या अभ्यासात निम्मे रुग्ण १८.१ महिन्यांपुढे गेले, केमोच्या गटात १४.१. सार्कोमॅटॉइड आणि मिश्र प्रकारांत फरक आणखी मोठा होता. पण खर्च लाखांत जातो. रुग्णालयातल्या समाजसेवा विभागात विचारून बघा, खासगी सावकाराकडे मात्र यासाठी जाऊ नका.

केमो कुणाला नको?

दिवसाचा निम्म्याहून जास्त वेळ जो माणूस अंथरुणातच आहे, ज्याला स्वतःचं स्वतः उठता येत नाही, त्याला केमो बहुधा त्रासच जास्त देते. डॉक्टरांनी अशा वेळी 'आता केमो नको' म्हटलं तर त्याचा अर्थ हाकलून दिलं असा नाही. छातीतलं पाणी काढून आत टाल्कची पावडर सोडतात, त्याने आवरण चिकटतं आणि पाणी पुन्हा भरायचं थांबतं किंवा कमी होतं. नाहीतर बारीक नळी बसवून घरीच पाणी काढायची सोय करतात. दुखण्याला आणि धापेलाही मॉर्फिनच्या गोळ्या आहेत. मॉर्फिन म्हणजे नशा, सवय लागेल, असं नातेवाईकच म्हणतात आणि म्हातारं माणूस कण्हत राहतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलेल्या मॉर्फिनने माणूस नशेबाज होत नाही.

आणि रुग्णाला सांगा. आपल्याकडे पद्धत अशी की मुलगा, जावई, मेहुणा सगळ्यांना आजाराचं नाव माहीत, फक्त ज्याच्या छातीत तो आहे त्याला नाही. त्याला 'पाणी झालंय, बरं होईल' सांगत राहतात. मग केमो घ्यायची की नाही हे तो ठरवणार कसा? जन्मभर ज्याच्या कामाचं, पगाराचं, राहण्याचं दुसऱ्यांनी ठरवलं, त्याच्या शेवटच्या वर्षाचंही दुसऱ्यांनीच ठरवावं हे मला पटत नाही.

पैसा आणि प्रवास

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत केमोथेरपी बसते, आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. रेशनकार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. भरती होण्याआधी भेटा, बिल झाल्यावर नाही. विनामूल्य फोन १५५३८८. कर्करोगामुळे कमावता येत नसेल तर संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दरमहा १५०० रुपये मिळू शकतात, अर्ज पाथरी तहसीलला.

पाथरीला रेल्वे नाही, मानवत रोड किंवा सेलूहून गाडी धरायची. उपचाराला जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टायर एसीत पूर्ण सवलत आहे, सोबतच्या एका माणसाला ७५ टक्के. रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यात रुग्णालयाचा दाखला लागतो, तो पहिल्याच भेटीत मागून घ्या. मुंबईत राहायला दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, बाहेरगावचे कर्करोगाचे रुग्ण तिथे उतरतात. फुटपाथवर झोपायची वेळ येण्याआधी तिथे चौकशी करा.

पत्र्यांबद्दल विहारात नेहमी विचारतात. आपल्या घरांवरचे सिमेंटचे राखाडी पत्रे पुष्कळदा ॲस्बेस्टॉसचेच असतात, टिनाचे नव्हेत. पन्नासहून जास्त देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली, आपल्याकडे अजून नाही. पत्रा धड असेल तोवर धोका कमी. तो कापणं, भोक पाडणं, फोडणं, तुकडे अंगणात भरायला वापरणं टाळा. काढायचाच असेल तर पाण्याने भिजवून अख्खा उतरवा, नाकातोंडाला चांगला मास्क बांधा, मुलांना लांब ठेवा आणि खाली पडलेला चुरा सुका झाडू नका.

हक्काचं बोलायचं तर, अहमदाबादच्या कन्झ्युमर एज्युकेशन अँड रिसर्च सेंटरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी निकाल दिला. कामगाराचं आरोग्य हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे आणि नोकरी सुटल्यावरही तो संपत नाही, असं त्यात म्हटलं आहे. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी कामगाराच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षं, यांत जे उशिरा असेल तोवर जपायची आहे. ईएसआयच्या कायद्याचा पाया ज्या अडारकर अहवालात आहे, तो १९४४ मध्ये आला तेव्हा मजूरखातं बाबासाहेबांकडेच होतं.

तेव्हा पेटी उघडा. पगाराची जुनी चिठ्ठी, ईएसआयचं कार्ड, प्रॉव्हिडंट फंडाचा नंबर, युनियनची पावती, गेटपास, जे असेल ते एका फाइलीत लावा. तुकड्याच्या तपासणीचा मूळ रिपोर्ट आणि तुकड्याचे मेणातले ठोकळे रुग्णालयातून मागून ठेवा, भरपाईच्या दाव्यात त्यांवरच सगळं ठरतं. ठेकेदारीवर असाल आणि कागद नसेल तर त्याच खात्यात सोबत काम केलेले दोघे शोधा, कारखान्याचं नाव, खातं आणि सालं लिहून त्यांची प्रतिज्ञापत्रं करून घ्या. आणि डॉक्टरांना केसपेपरवर 'पूर्वी ॲस्बेस्टॉसच्या धुळीत काम केलं' ही ओळ, सालांसकट, लिहायला सांगा.